व्हर्नी जंक्शन : बेकर स्ट्रीटहून निघालेली गाडी शेतात येऊन का थांबत असे?

अनिरुद्ध_एमके यांचा प्रश्न

नमस्कार. ऑक्सफर्ड ते मिल्टन कीन्स हा जुना लोहमार्ग अलीकडे नव्याने बांधण्यात आला. मी त्याच परिसरात राहतो, त्यामुळे त्याच्या इतिहासाबद्दल वाचू लागलो आणि व्हर्नी जंक्शन या बंद पडलेल्या स्थानकापाशी येऊन अडकलो. बकिंगहॅमशरमधील हे स्थानक १८६८ साली उघडले आणि १ जानेवारी १९६८ रोजी अधिकृतपणे बंद झाले. आजूबाजूला शेते, कुरणे आणि थोडी घरे. मिडल क्लेडन, ॲडिंग्टन, पॅडबरी ही जवळची गावेही लहानच. त्यातल्या त्यात मोठे म्हणावे असे विन्स्लो, पण त्याला त्याच मार्गावर स्वतःचे स्थानक होते. असे असूनही १९३६ पर्यंत लंडनच्या बेकर स्ट्रीटहून सुटणाऱ्या मेट्रोपॉलिटन मार्गाच्या गाड्या सुमारे पन्नास मैलांचे, म्हणजे ऐंशी किलोमीटरचे अंतर कापून येथपर्यंत येत असत.

जेथे उतरणारे कोणी नव्हते, तेथे स्थानक कोणी आणि कशासाठी बांधले, हा माझा पहिला प्रश्न आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेपासून सुरू झालेल्या कंपनीला तेथपर्यंत जाण्याची गरज का भासली, हा दुसरा. इंग्लंडमधील कोणतेही बंद स्थानक दिसले की त्याचे खापर डॉ. बीचिंग यांच्या, तोट्यातले मार्ग आणि स्थानके बंद करण्याची शिफारस करणाऱ्या अहवालावर फोडले जाते; येथेही तसेच घडले का, हेही जाणून घ्यायला आवडेल. आणि नव्या मार्गावर हे स्थानक पुन्हा उघडणार आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रूळवेडा यांचे उत्तर

अनिरुद्धजी, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर १८६८ च्या आधीपासून सुरू करावे लागेल, कारण त्या जागी रूळ आधीच होते. नव्हते ते स्थानक. बकिंगहॅमशर रेल्वे या कंपनीने १ मे १८५० रोजी ब्लेचली ते बॅनबरी हा मार्ग सुरू केला आणि त्याच मार्गावर क्लेडनच्या शिवारात एक सांधा घालून तेथून ऑक्सफर्डकडे दुसरा मार्ग नेला, जो टप्प्याटप्प्याने १८५१ मध्ये ऑक्सफर्डच्या रूली रोड स्थानकापर्यंत पोहोचला. हे दोन्ही मार्ग लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे या बलाढ्य कंपनीने भाडेपट्ट्याने चालवायला घेतले आणि पुढे १८७९ मध्ये बकिंगहॅमशर कंपनी तिच्यात विलीन झाली. म्हणजे पहिली अठरा वर्षे येथे केवळ दोन दिशांना जाणारे रूळ एकमेकांपासून वेगळे होत होते, आणि प्रवाशाने उतरावे असे काहीही नव्हते.

स्थानक आले ते तिसऱ्या मार्गामुळे. एल्सबरी अँड बकिंगहॅम रेल्वे या छोट्या कंपनीला १८६० मध्ये संसदेची परवानगी मिळाली आणि २३ सप्टेंबर १८६८ रोजी तिचा एकेरी मार्ग एल्सबरीपासून या सांध्यापर्यंत खुला झाला. कंपनीच्या नावात बकिंगहॅम असले तरी तिचे स्वतःचे रूळ बकिंगहॅमला कधीच पोहोचले नाहीत. ते या शेतात संपले. पुढे बकिंगहॅमला जायचे तर नॉर्थ वेस्टर्नच्या गाडीत बसावे लागे. गाडी बदलायची म्हणजे फलाट हवा, आणि फलाट झाला की नाव हवे. जवळ नाव घेण्याजोगे गावच नसल्यामुळे ज्यांच्या जमिनीवर हे सारे उभे राहिले त्या सर हॅरी व्हर्नी यांचे नाव स्थानकाला देण्यात आले. पुढे तेथे जी लहानशी वस्ती झाली तिनेही स्थानकाचेच नाव घेतले, आणि स्थानक गेले तरी वस्तीचे नाव आजही व्हर्नी जंक्शनच आहे.

हे सर हॅरी म्हणजे क्लेडन हाउसचे मालक आणि बकिंगहॅमचे खासदार. त्यांनी १८५८ मध्ये पार्थेनोपी नाइटिंगेल यांच्याशी विवाह केला. त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या थोरल्या भगिनी. त्यामुळे फ्लॉरेन्स यांचा क्लेडनला नेहमीचा मुक्काम असे. भारतातील खेड्यांच्या आरोग्यव्यवस्थेबद्दल त्यांनी पुणे सार्वजनिक सभेशी केलेला पत्रव्यवहार मराठी वाचकांना ठाऊक असेल.

मात्र या मार्गामागची खरी धडपड सर हॅरींपेक्षाही त्यांचे सहकारी आणि कंपनीचे अध्यक्ष, बकिंगहॅमचे तिसरे ड्यूक, यांची होती. त्यांच्या वडिलांनी इतके कर्ज करून ठेवले होते की १८४८ मध्ये स्टो या राजेशाही वाड्यातील सामानाचा जाहीर लिलाव करावा लागला, आणि या मुलाने घराण्याची घडी पुन्हा बसवण्यासाठी जे मार्ग धरले त्यांत रेल्वे हा प्रमुख होता. ते १८५३ ते १८६१ या काळात नॉर्थ वेस्टर्न कंपनीचे अध्यक्षही होते. ते पद सुटल्यावर त्या कंपनीशी संबंध बिघडले आणि एल्सबरीला तिच्या रुळांना जोडण्याचा मूळ बेत बारगळला. शेवटी नवा मार्ग दुसऱ्या बाजूने आलेल्या, ग्रेट वेस्टर्न या दुसऱ्या मोठ्या रेल्वे कंपनीच्या गटातील मार्गाला जोडावा लागला आणि सुरुवातीच्या गाड्याही ग्रेट वेस्टर्ननेच चालवल्या. हेच ड्यूक १८७५ ते १८८० या काळात मद्रासचे गव्हर्नर होते, म्हणजे १८७६–७८ चा भीषण दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीत पडला. चेन्नईजवळचा बकिंगहॅम कालवा त्यांच्याच नावाचा आहे आणि त्याचे बरेचसे काम त्या दुष्काळात रोजगार देण्यासाठी काढले होते.

या मार्गावरील मधल्या स्थानकांची नावे पाहिली तरी प्रवासी कितपत मिळणार होते याचा अंदाज येतो. क्वेन्टन रोड, ग्रॅनबरो रोड, विन्स्लो रोड. आपल्याकडे नाशिक रोड म्हटले की शहर अजून काही मैल पुढे आहे हे जसे कळते, तसाच येथील ‘रोड’ समजावा. फरक एवढाच की रस्त्याच्या टोकाला नाशिक नसून फार तर हजार-दोन हजारांचे गाव होते. ड्यूकसाहेबांनी तर क्वेन्टन रोडपासून आपल्या जमिनींमधून ब्रिल गावाकडे आणखी एक खासगी ट्रामवे १८७१–७२ मध्ये बांधला, ज्यावर आधी घोडे आणि मग रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनांच्या घडणीची, अत्यंत धिमी इंजिने चालत असत. जमीनदारांना आपला शेतमाल आणि जनावरे बाहेर पाठवायची होती, कोळसा आणि खत आत आणायचे होते. प्रवासी हा या हिशेबातला दुय्यम भाग होता. तेव्हा ‘उतरणारे कोणी नव्हते तर स्थानक का’ या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की ते मुळात उतरणाऱ्यांसाठी नव्हतेच, गाडी आणि माल बदलण्यासाठी होते.

मृणाल_ब यांचे उत्तर

रूळवेडा यांनी पाया चांगला घातला आहे. मी लंडनच्या बाजूने लिहिते, कारण एल्सबरी अँड बकिंगहॅम कंपनीसारख्या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीला १ जुलै १८९१ रोजी मेट्रोपॉलिटन रेल्वेने का गिळले, हे कळल्याशिवाय बाकीचे काही कळत नाही.

मेट्रोपॉलिटन रेल्वे म्हणजे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावलेली जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे. तिचे अध्यक्षपद १८७२ मध्ये सर एडवर्ड वॉटकिन यांच्याकडे आले आणि शहराच्या पोटातून धावणाऱ्या या कंपनीला बाहेर पडण्याचे वेध लागले. वॉटकिन एकाच वेळी अनेक कंपन्यांचे अध्यक्ष होते: मँचेस्टरकडची एक, केंटमधून डोव्हरकडे जाणारी दुसरी, आणि मधे ही मेट्रोपॉलिटन. यांचे रूळ एकमेकांना जोडले आणि इंग्लिश खाडीखालून बोगदा काढला, तर मँचेस्टरहून निघालेली गाडी लंडनमार्गे थेट पॅरिसला नेता येईल, असा त्यांचा बेत होता. बोगद्याचे खोदकाम त्यांनी १८८० च्या सुमारास खरोखर सुरूही केले होते; फ्रान्सकडून आक्रमण होण्याच्या भीतीने सरकारने ते १८८२ मध्ये थांबवले. वेम्बली येथे आयफेल मनोऱ्याहून उंच मनोरा बांधायला घेऊन पहिल्या मजल्यावरच सोडून देणारे गृहस्थ तेच.

अशा माणसाच्या नजरेतून पाहिले म्हणजे व्हर्नी जंक्शन शेतातला शेवटचा थांबा राहत नाही. ते उत्तरेकडे उघडणारे दार ठरते. बेकर स्ट्रीटकडून वाढत आलेला मेट्रोपॉलिटनचा मार्ग १ सप्टेंबर १८९२ रोजी एल्सबरीला पोहोचला, १८९४ मध्ये कंपनीने पुढचा तुकडा स्वतः चालवायला घेतला, रूळ दुहेरी केले, स्थानके सुधारली आणि १८९७ च्या आरंभापासून बेकर स्ट्रीट ते व्हर्नी जंक्शन अशा थेट गाड्या सुरू केल्या. एवढा खर्च शेतकऱ्यांच्या दुधाच्या डब्यांसाठी कोणी करत नाही. पण वॉटकिन आजारपणामुळे १८९४ मध्येच निवृत्त झाले होते, आणि त्यांची मँचेस्टरकडची कंपनी ग्रेट सेंट्रल असे नवे नाव धारण करून १८९९ मध्ये जेव्हा खरोखर लंडनपर्यंत आली, तेव्हा तिची मुख्य वाट व्हर्नी जंक्शनला न जाता त्याच्या सहा मैल अलीकडे क्वेन्टन रोडलाच मिळाली. उत्तरेच्या जलद गाड्या तेथून वळल्या आणि पुढचा तुकडा, ज्याच्यावर नुकताच एवढा पैसा ओतला होता, एका फटक्यात आडवळणाचा फाटा झाला. माझ्या मते या स्थानकाचे भवितव्य १८९९ मध्येच ठरले. पुढची सदतीस वर्षे लंडनच्या गाड्या तेथे आल्या त्या मुख्यतः आधीच केलेल्या गुंतवणुकीची लाज राखण्यासाठी.

ही लाज मात्र थाटात राखली गेली, हे सांगायलाच हवे. मेट्रोपॉलिटनने १ जून १९१० पासून आपल्या लांब पल्ल्याच्या काही गाड्यांना ‘मेफ्लॉवर’ आणि ‘गॅलेटिया’ नावाचे दोन पुलमन, म्हणजे आलिशान डबे जोडले. प्रत्येकात १९ आसने, जागेवर नाश्ता आणि पेये, आणि त्यासाठी तिकिटावर सहा पेन्स किंवा एक शिलिंग जादा. लंडनजवळच्या भागात गाडीला विजेचे इंजिन असे आणि हॅरोला ते काढून वाफेचे जोडले जाई; त्यामुळे विजेच्या इंजिनाने ओढलेले हे युरोपातील पहिले पुलमन डबे ठरले. हे डबे व्हर्नी जंक्शनपर्यंतही जात. लंडनमध्ये नाटक पाहून रात्री उशिरा एल्सबरीकडे परतणाऱ्यांसाठीही त्यांची सोय होती.

मग मार्गाच्या कडेने वस्ती वाढली नाही का, असे कोणी विचारील. वाढली, पण लंडनच्या जवळच्या बाजूला. इतर रेल्वे कंपन्यांना मार्गासाठी घेऊन उरलेली जमीन विकून टाकावी लागे. मेट्रोपॉलिटनला ती ठेवून तिच्यावर घरे बांधण्याची विशेष मुभा होती. १९१५ पासून कंपनीने आपल्या परिसराची ‘मेट्रो-लँड’ या नावाने जाहिरात केली आणि १९१९ मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनीही काढली. हॅरो, पिनर, रिकमन्सवर्थ येथे बागेसह घर आणि कचेरीपर्यंत थेट गाडी हे समीकरण उत्तम चालले. परंतु रोज ये-जा करणाऱ्याला पन्नास मैल हे त्या काळी फारच होते. सूट-बूट घातलेला कारकून व्हर्नी जंक्शनला कधी राहायला आलाच नाही.

अनिरुद्ध_एमके

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आता एक गोष्ट अधिकच गोंधळात टाकते. लंडनच्या गाड्या १९३६ मध्ये बंद झाल्या, तर स्थानक आणखी बत्तीस वर्षे कसे टिकले? आणि बीचिंग यांचा अहवाल तर १९६३ चा. म्हणजे या एकाच स्थानकाचे मरण तीन वेळा झाले असे समजायचे का?

निवृत्त_वाहतूक_निरीक्षक यांचे उत्तर

तीन नव्हे, चार वेळा, आणि त्यांपैकी सर्वांत मोठ्या घावाशी बीचिंग यांचा संबंध नाही. माझी सारी नोकरी भारतीय रेल्वेच्या वाहतूक शाखेत गेली, त्यामुळे मी या प्रकरणाकडे गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने पाहतो. जंक्शनचे आयुष्य त्याला मिळणाऱ्या मार्गांवर असते. ते मार्ग एकेक करून कापले की फलाट तोच राहतो, काम संपत जाते.

पहिला मार्ग तुटला तो एल्सबरीकडचा. लंडनमधील जवळजवळ सर्व भुयारी रेल्वे, बस आणि ट्राम १ जुलै १९३३ रोजी लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड या एकाच सार्वजनिक संस्थेकडे गेल्या आणि मेट्रोपॉलिटन कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपले. मेट्रोपॉलिटनचे अधिकारी स्वतःला मुख्य मार्गावरची रेल्वे समजत. नव्या बोर्डाचे काम लंडनकरांची ने-आण करणे एवढेच होते, आणि त्या हिशेबात बकिंगहॅमशरच्या शेतांना जागा नव्हती. ब्रिलचा ट्रामवे ३० नोव्हेंबर १९३५ रोजी बंद झाला. क्वेन्टन रोड ते व्हर्नी जंक्शन या तुकड्यावरची प्रवासी वाहतूक ४ जुलै १९३६ रोजी थांबली. मालगाड्या चालू राहिल्या, पण १९४० मध्ये दुहेरी मार्ग पुन्हा एकेरी करण्यात आला. त्याच वर्षी युद्धाच्या गरजेतून कॅल्व्हर्टजवळ ग्रेट सेंट्रलचा जुना मार्ग आणि ऑक्सफर्ड–ब्लेचली मार्ग यांना जोडणारा नवा दुवा घातला गेला. माझ्या दृष्टीने हा दुवा पुलमन डब्यांहून महत्त्वाचा आहे, कारण दोन व्यवस्थांमध्ये मालाची देवाणघेवाण करणे हे व्हर्नी जंक्शनचे जे मूळ काम, तेच आता काही मैलांवर, गाडी न थांबवता होऊ लागले. १९४७ मध्ये तो तुकडा मालवाहतुकीसाठीही बंद झाला, काही वर्षे जुनाट वाघिणी (मालडबे) उभ्या करायला वापरला गेला आणि मग रूळ उखडण्यात आले.

मेट्रोपॉलिटनची हद्द त्यानंतरही मागे सरकत राहिली. विद्युतीकरण ॲमरशॅमपर्यंत आल्यावर सप्टेंबर १९६१ मध्ये एल्सबरीही तिने सोडले, आणि आज तिचे टोक ॲमरशॅमलाच आहे.

दुसरा मार्ग बॅनबरीकडचा, आणि त्याची गोष्ट मला विशेष लागते. ब्रिटिश रेल्वेने १९५६ मध्ये बकिंगहॅम ते बॅनबरी या भागात वाफेच्या गाडीऐवजी एकेक डब्याच्या हलक्या डिझेल गाड्या आणल्या आणि वाटेत रॅडक्लिव्ह व वॉटर स्ट्रॅटफर्ड हे दोन साधे थांबेही नव्याने उघडले. प्रवासी खरोखर वाढले. तरी तोटा भरून निघाला नाही आणि १९६१ च्या आरंभी तो भाग प्रवाशांसाठी बंद झाला. उरलेली बकिंगहॅमची सेवा सप्टेंबर १९६४ मध्ये गेली. प्रयोग यशस्वी होऊनही मार्ग वाचत नाही, हे ज्यांनी शाखामार्ग चालवले आहेत त्यांना नवीन नाही: स्थानकावरचे कर्मचारी, फाटकवाले, सिग्नल केबिन हा सारा खर्च तसाच राहतो आणि फक्त इंजिनाचा कोळसा वाचतो. १९६४ नंतर व्हर्नी जंक्शनवर प्रवाशाने बदलावी अशी एकही गाडी उरली नाही. पाटीवर जंक्शन, प्रत्यक्षात ऑक्सफर्ड–केंब्रिज मार्गावरचा एक साधा थांबा.

आता बीचिंग. त्यांच्या १९६३ च्या अहवालात ऑक्सफर्ड–केंब्रिज मार्ग बंद करण्याच्या यादीत नव्हता. उलट त्याच्या काही वर्षे आधी, १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेखाली, लंडनला वळसा घालणाऱ्या मालगाड्यांचा मार्ग म्हणून याच रेषेवर भरवसा टाकला गेला होता. ब्लेचलीला मुख्य मार्गावरून जाणारा काँक्रीटचा भलामोठा उड्डाणपूल त्यासाठीच बांधला आणि व्हर्नी जंक्शनपासून जवळच्या स्वॉनबर्नला मोठे मालगाडी यार्ड योजले होते. पूल झाला, यार्ड झाले नाही, आणि ज्या मालवाहतुकीसाठी हे चालले होते ती रस्त्यावर निघून गेली. प्रवासी सेवा १९६७ च्या डिसेंबरअखेर थांबली. ब्लेचली–बेडफर्ड एवढाच तुकडा वाचला. त्याच वर्षीच्या जानेवारीत, याच मार्गाला लागून, आपण राहता त्या मिल्टन कीन्स या नव्या शहराची सरकारने अधिकृत घोषणा केली होती. नवे शहर घोषित करायचे आणि वर्ष संपण्याच्या आत त्याच्याजवळून जाणारी पूर्व-पश्चिम प्रवासी गाडी बंद करायची, हा निर्णय कोणत्या हिशेबात बसतो ते मला इतक्या वर्षांनंतरही कळलेले नाही. बीचिंग यांच्या नावावर बऱ्याच चुका आहेत. ही मात्र त्यांच्या अहवालाने सुचवलेली नव्हती.

रूळ मात्र लगेच काढले गेले नाहीत. मालगाड्यांसाठी मार्ग राहिला, १९८५ मध्ये तो एकेरी झाला आणि १९९३ पासून क्लेडन ते ब्लेचली हा भाग पूर्ण बंद पडून झुडपांखाली गेला. गंजलेले रूळ जागेवरच असल्यामुळे आणि जमीन रेल्वेच्या हातून न गेल्यामुळे पुढे तो पुन्हा बांधणे शक्य झाले, एवढे श्रेय त्या दुर्लक्षाला द्यावे लागेल.

रूळवेडा

निरीक्षकसाहेबांच्या माहितीबद्दल आभार. एका मुद्द्यावर मात्र मृणालताईंशी माझा मतभेद आहे. भवितव्य १८९९ मध्ये ठरले असे म्हणण्याने वॉटकिन यांच्या बेताला अवाजवी महत्त्व मिळते. त्यांची मुख्य रेषा व्हर्नी जंक्शनवरून उत्तरेकडे गेली असती, तरी काय झाले असते ते क्वेन्टन रोडकडे पाहून कळते. तेथून तर ग्रेट सेंट्रलच्या मँचेस्टरकडच्या जलद गाड्या रोज धडधडत जात होत्या. तरीही ते स्थानक १९६३ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाले आणि त्यानंतर तीन वर्षांनी तो मुख्य मार्गच एल्सबरी ते रग्बी या भागात प्रवाशांसाठी संपला. मोठा मार्ग अंगावरून गेल्याने लहान स्थानक मोठे होत नाही.

मृणाल_ब

मान्य, परंतु क्वेन्टन रोडला जो शेवट लाभला तो व्हर्नी जंक्शनला लाभला नाही, आणि त्यात मुख्य मार्गावर असण्याचा वाटा आहेच. क्वेन्टन रोडचे आवार मोठे होते आणि तेथून मालगाड्यांसाठी रूळ टिकले, म्हणून १९६९ पासून रेल्वेप्रेमींनी तेथे बकिंगहॅमशर रेल्वे सेंटर हे संग्रहालय उभे केले. अनिरुद्धजी, आपण इतक्या जवळ आहात तर तेथे अवश्य जावे. मेट्रोपॉलिटनच्या काळातील फलाट तेथे पाहता येतात. शिवाय ज्या मार्गाने ही सारी कथा सुरू झाली त्याचे दुसरे टोक, म्हणजे ऑक्सफर्डच्या रूली रोड स्थानकाची १८५१ ची इमारतही तेथेच आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे बांधकाम करणाऱ्या फॉक्स, हेन्डरसन या कंपनीने त्याच पद्धतीने, कारखान्यात ओतलेल्या लोखंडी भागांतून ती उभारली होती. ऑक्सफर्डला ती जागा दुसऱ्या कामासाठी हवी झाली तेव्हा ती सुटी करून क्वेन्टनला आणली आणि पुन्हा उभी केली.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. ऑक्सफर्ड ते बिस्टर ही प्रवासी सेवा १९८७ मध्येच परत आली होती. हा जुना मार्ग पुन्हा उभारण्याच्या ईस्ट वेस्ट रेल योजनेत बिस्टर ते ब्लेचली हा भाग दुहेरी मार्गासह पुन्हा बांधला गेला, ब्लेचलीचा तो जुना उड्डाणपूल अंशतः पाडून नव्याने उभारला आणि रूळ टाकण्याचे काम २०२४ मध्ये पूर्ण झाले. या भागात नवे स्थानक विन्स्लोला मिळाले आहे. व्हर्नी जंक्शन, स्वॉनबर्न आणि क्लेडन ही स्थानके योजनेत नाहीत. व्हर्नी जंक्शनच्या जागेवरून गाड्या जातील, थांबणार नाहीत. वस्तीचा आकार पाहता त्यात अन्याय झाला असे मला वाटत नाही. तेथे जायचे असल्यास सार्वजनिक रस्त्यावरूनच पाहावे, कारण मार्ग आता चालू रेल्वेच्या हद्दीत आहे आणि आसपासची घरे खासगी आहेत. क्वेन्टन रोडचे संग्रहालय वर्षभर रोज उघडे नसते, त्यामुळे निघण्यापूर्वी त्यांचे वेळापत्रक तपासून घ्यावे.